मुर्धा कोणत्या साइटमध्ये

६ जानेवारी २०२५, सोमवार

ही डायरी ऑफिसात एका औषध कंपनीचा माणूस वाटून गेला. प्रत्येक पानाखाली ॲसिडिटीच्या गोळीची जाहिरात आहे. आज लिहायला घेतली, कारण डोक्यात गोंधळ आहे आणि ऑफिसात विचारलं तर हिला काही येत नाही हे सगळ्यांना कळेल.

शशिकांत सर डिसेंबरात नोकरी सोडून गेले. कंपनीचे संगणक, सर्व्हर, पासवर्ड सगळं तेच बघायचे. मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होते. आज मॅनेजर जितेंद्रभाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "संचिता, नवीन डिरेक्टरी तू कर. पुण्याचा कन्सल्टंट आहे, नीरज म्हणून. तो सांगेल, तू इथे हात चालव."

मी हो म्हटलं. बाहेर येऊन पाणी प्यायले.

डिरेक्टरी म्हणजे कंपनीतल्या सगळ्या माणसांची आणि संगणकांची यादी. सकाळी कोणी पासवर्ड टाकला की सर्व्हर ही यादी बघून त्याला आत घेतो. एवढं मला येतं. पण यादीत साइट्स पाडायच्या आहेत. कुठले संगणक कुठे आहेत हे यादीला सांगायचं, म्हणजे प्रत्येक संगणक जवळच्या सर्व्हरकडे जाईल. सरांनी हे केलंच नव्हतं. आमच्या चार जागा आहेत: मीरा रोडला बेव्हर्ली पार्कचं ऑफिस, वरसाव्याचं औषधांचं गोदाम, मुर्ध्याचं पॅकिंग आणि वापीचं जुनं ऑफिस. यादीला मात्र वाटतं, सगळे एकाच खोलीत बसलेत.

८ जानेवारी, बुधवार

नीरजशी पहिला व्हिडिओ कॉल झाला. माझ्याच वयाचा असेल, तिशीचा. भराभर बोलतो. म्हणाला, "साइटला असं नाव द्या जे दहा वर्षं बदलणार नाही. बिल्डिंगचं नको, जागा बदलते. माणसाचं तर नकोच. गावाचं द्या, गाव कुठे जात नाही."

सोपं वाटलं. मग लिहायला बसले. वापी आणि वरसावे, दोन्ही इंग्रजीत व्ही-ए. मुर्धा आणि मीरा रोड, दोन्ही एम. सरांच्या जुन्या कागदावर वरसाव्याचं स्पेलिंग वर्सोवा केलंय. नीरजने विचारलं, "अंधेरीला पण ब्रँच आहे का?" मी म्हटलं, "नाही, हे घोडबंदर रोडवरचं. तो पूल आहे ना, तिथलं." तो म्हणाला, "मला पूल माहीत नाही, मॅडम. एक स्पेलिंग ठरवा."

अर्धा दिवस स्पेलिंग ठरवण्यात गेला.

१५ जानेवारी, बुधवार

आज मुर्ध्याला जाऊन आले. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली. पॅकिंगचं युनिट रस्त्याला लागूनच आहे, पत्र्याचं, मागे खाडीचा वास. अकरा बायका आणि नऊ संगणक. गोळ्यांच्या पट्ट्या मोजून पेट्यांत भरायच्या, लेबल छापायचं, स्टॉकची नोंद करायची.

सुपरवायझर सरूबाई. मुर्ध्याच्याच, पन्नाशीच्या आसपास. आधी पेट्या भरायच्या, मग चाळिशी ओलांडल्यावर संगणक शिकल्या आणि आता बाकीच्यांना शिकवतात. मला "बाय" म्हणतात.

"बाय, ह्यो बघ," म्हणाल्या, "नऊला पासवर्ड टाकते. मंग केर काढते, पानी भरते, तवा कुठं उघडतो."

मी घड्याळ लावून बघितलं. सात मिनिटं. कारणही सापडलं. मुर्ध्याचे संगणक सकाळी उठून थेट वापीच्या सर्व्हरला विचारतात, मी आत येऊ का. कोणीच त्यांना सांगितलं नाही की बेव्हर्ली पार्क जवळ आहे.

सरूबाईंनी विचारलं, "नवीन यादीत आमच्या मुर्ध्याचा नाव हाय ना?"

"आहे. चार साइट, त्यातली एक मुर्धा."

त्यांनी आत हाक मारून सगळ्यांना सांगितलं. मला उगाच मोठं काम केल्यासारखं वाटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आराखडा जितेंद्रभाईंना दिला. चार साइट, चार नावं, कुठल्या जागेच्या संगणकांचे नंबर कुठे ते सगळं. ऑफिसात पडून असलेला छोटा सर्व्हर मुर्ध्याला लावायचा असंही लिहिलं होतं. त्यांनी पेन घेतलं आणि मुर्ध्यावर काट मारली.

"हे वरसाव्यात टाक."

"सर, वरसाव्यात कसं? मुर्ध्याची नेटवर्कची लाइन तर बेव्हर्ली पार्कला येते. वरसावे शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे."

"अरे हां, पता है. तरी वरसाव्यात टाक."

मला वाटलं त्यांना टेक्निकल बाजू नीट समजली नसावी. मी चुकीच्या पद्धतीने सांगितलं असेल. आता चित्रच काढून दाखवते.

३ फेब्रुवारी, सोमवार

चित्र दाखवलं. आठवडाभर बसून केलं होतं, रंगीत. मुर्धा वेगळी ठेवली तर लॉगिन चाळीस सेकंदांत, वरसाव्याला जोडली तर तीन मिनिटं. आकडे मी स्वतः काढले होते. जितेंद्रभाईंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"तुझं एकदम बरोबर आहे," म्हणाले. "वरसाव्यातच टाक."

बरोबर आहे तर मग तसं का नको? विचारायचं होतं, तोवर त्यांचा फोन वाजला. त्यांनी फोन उचलला नाही, फक्त त्याच्याकडे बघत बसले. मी बाहेर आले.

दुपारी त्यांनीच मेसेज केला. वरसाव्याच्या गोदामात पहिल्या मजल्यावर पाच टेबलांसाठी नेटवर्कचे पॉइंट काढून घे, असा. वरसाव्यात नवीन भरती होतेय म्हणजे. मला कोणी सांगत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक चांगलं काम केलं. नीरजने संगणकांची अंतिम शीट पाठवली, एप्रिलपासून कुठले संगणक कुठल्या साइटमध्ये ते. त्यात मुर्ध्याचे नऊच्या नऊ राहून गेले होते. वरसाव्यात पाच नवीन होते, त्यांची नावंही नव्हती, नुसतं एक ते पाच. मी नऊ संगणक घातले आणि सगळ्यांना मेल केली, मालकांनाही. "नीरज यांच्या शीटमध्ये मुर्धा युनिट नजरचुकीने राहून गेले होते. दुरुस्त प्रत सोबत जोडली आहे."

पाच मिनिटांत जितेंद्रभाईंनी बोलावलं. चेहरा पडला होता.

"सगळ्यांना मेल करायला कोणी सांगितलं?"

"सर, चूक होती म्हणून..."

"चूक दिसली की आधी माझ्याकडे यायचं. फक्त माझ्याकडे."

नीरजला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मला जी यादी मिळाली तीच मी टाकली. क्लायंटने जे दिलं ते." मग थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही तुमच्या सरांशी बोला ना."

सरांशीच तर बोलून आले होते. माझी मेल चुकली की शीट चुकली, हेच कळेना. घरी आल्यावर आईने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, मेल चुकून सगळ्यांना गेली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुर्ध्याला दुसरी फेरी. संगणकांचे नंबर उतरवून घ्यायचे होते. मी खुर्चीत बसून लिहीत होते आणि सरूबाई बाजूला उभ्या.

"काल दोन मानसं आलती. टेप घेऊन. ही भिंत मोजली, ती मोजली, मागचं गटार पन मोजलं. आमी इचारलं, कोन तुमी? तर बोलले, जागामालकाकडून."

मला लगेच आठवलं, सर्व्हरसाठी वेगळी खोली लागते, थंड आणि कुलूपबंद. म्हणजे माझ्या चित्राचा उपयोग झाला. जितेंद्रभाई तोंडाने नाही म्हणतात, पण आतून कामाला लावतात, असं वाटलं. मी सरूबाईंना म्हटलं, "सर्व्हररूमसाठी असेल. मी मागितली होती."

त्या खूश झाल्या. मग त्यांनी मला बाहेर नेलं, नळापाशी.

"बाय, एक इचारते. बाजूच्या राई गावात नवीन मसाल्याचा कारखाना निघालाय. पॅकिंगला सुपरवायझर पायजे. मना बोलावलंय. मी आनि संगं दोगी. घरापासून चालत दहा मिंटं. शुक्रवारपर्यंत सांगायचंय. जाऊ का नको?"

"कशाला जाता? इथे सगळं नवीन होतंय. चौदा वर्षांची तुमची सर्व्हिस आहे."

"तू बोलतेस म्हंजे हायच. तुला आतलं सगलं म्हाईत."

मला आवडलं हे ऐकायला. खरं लिहायचं तर फार आवडलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वरसाव्याचे पॉइंट काढून झाले. गोदामाचा इन्चार्ज यतीन भेटला, हसरा माणूस. पाच टेबलं कोणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तुला माहीत नाही?" आणि मग चहा सांगायला गेला तो परत आलाच नाही.

सरूबाईंनी फोन करून कळवलं की राईच्या कामाला नकार दिला.

२ मार्च, रविवार

आज काय झालं ते क्रमाने लिहिते.

दुपारी जेवणं झाल्यावर मी टेबलावर आराखडा पसरून बसले होते. वडील समोर पेपर वाचत होते. त्यांना घरात सगळे दाजीच म्हणतात, मीसुद्धा. दाजी टेलिफोन खात्यात लाइनमन होते, रत्नागिरी जिल्ह्यात आणि मग इकडे. त्यांनी विचारलं, "महिनाभर बघतोय, कसलं कोडं सोडवतेस?"

मी सगळं सांगितलं. मुर्धा वरसाव्यात का टाकायची ते कळत नाही. शीटमधून नऊ संगणक गळतात. पाच टेबलं कोणाची कोणास ठाऊक. सर्व्हर द्यायचा नाही म्हणतात, पण भिंती मोजतात.

दाजींनी पेपर खाली ठेवला. "गुहागरकडे आमचं एक छोटं एक्स्चेंज होतं," म्हणाले. "ते बंद करायचं ठरलं तेव्हा आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. फक्त नवीन नंबर देऊ नका म्हणाले. मग केबलचा माल येईना. मग आमच्या गावांचे नंबर शेजारच्या एक्स्चेंजच्या वहीत चढवले. मी साहेबांशी भांडलो, ही वही चुकलीय म्हणून. वही चुकली नव्हती, गो."

मी म्हटलं, "म्हणजे?"

त्यांनी आराखड्यातल्या मुर्ध्यावर बोट ठेवलं. माझ्याकडे बघत राहिले.

नऊ संगणकांतले पाच वरसाव्याला. बाकीचे चार कुठेच नाहीत. जागामालकाची माणसं भिंत मोजत होती ती सर्व्हरसाठी नव्हे. हे सगळं माझ्याच हाताने मी कागदावर लिहिलंय, रंगवलंय, आणि मला दिसलं नाही. वरसाव्याच्या यतीनला माहीत होतं. पुण्याच्या नीरजला माहीत होतं.

आणि मी सरूबाईंना काय सांगितलं.

३ मार्च, सोमवार

सकाळी जितेंद्रभाईंच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं. विचारलं, "मुर्धा बंद होतेय का?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. जागामालकाला तिथे इमारत उभी करायचीय. एकतीस मार्चला जागा सोडायची. पाच जणींना वरसाव्याला घेणार, बाकीच्या सहा जणींना नाही. बायकांना पंचवीस तारखेला सांगायचं ठरलंय.

"सहा दिवस आधी?"

"आधी सांगितलं तर काम सोडून जातील, माल अडकेल. हे मी नाही ठरवलं, संचिता. मला पण डिसेंबरमध्येच कळलं. शशिकांतला सांगितलं, तो म्हणाला मी हे नाही करणार, आणि गेला."

सरांनी मला निघताना फक्त चाव्या दिल्या होत्या आणि म्हणाले होते, सांभाळून. मला वाटलं, सर्व्हर सांभाळून.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. मुर्ध्याला जात होतीस ना तू." त्यांनी डोळे चोळले. "अजून कोणाला बोलू नकोस. प्लीज."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खाली येऊन तासभर पायरीवर बसले. मी खोटं बोलले का? खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं ना? पण मग राईच्या कारखान्याचं काय. सांगितलं तर नोकरी जाईल. दाजींची पेन्शन आहे, पण घर माझ्यावर चालतं. नाही सांगितलं तर पंचवीस तारखेला त्या मला फोन करतील, बाय, हे काय ऐकतो आम्ही. तेव्हा काय म्हणू? मला माहीत नव्हतं म्हणू?

४ मार्च, मंगळवार

रजा टाकली आणि उत्तनची बस पकडली.

सरूबाई लेबलं कापत होत्या. म्हटलं, बाहेर या. त्या हसत आल्या, "काय गं, सर्वरचं मशीन आनलंस?"

मी सांगितलं. सगळं, एका दमात. एकतीस मार्च, पाच जणी, इमारत.

त्यांनी हातातली कात्री मिटली. मग म्हणाल्या, "तुला कवा कललं?"

"परवा."

"आनि राईला जाऊ नको बोललीस तवा?"

"तेव्हा माहीत नव्हतं."

"म्हाईत नव्हतं तर बोललीस कशाला?"

मी म्हटलं, राईला मी येते, मी सांगते त्यांना, माझी चूक झाली म्हणून. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. जागा भरली होती. शनिवारीच.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी जावा आता. मना बायांशी बोलायचंय."

मी बस पकडून परत आले.

६ मार्च, गुरुवार

अकरा वाजता अकराही जणी बेव्हर्ली पार्कच्या ऑफिसात आल्या. घोषणा नाही, आरडाओरड नाही. रिसेप्शनच्या सोफ्यावर चार जणी, बाकीच्या खाली फरशीवर. सरूबाई म्हणाल्या, "मालकांना भेटाचं हाय. आमी थांबतो."

मालक बाहेर होते. त्या थांबल्या. डबे उघडून तिथेच जेवल्या. वाकटीच्या मासळीचं सुकं होतं, सगळ्या ऑफिसात वास सुटला. तिकडे मुर्ध्यात पॅकिंग बंद, दुपारपर्यंत वरसाव्याहून माल न्यायला आलेल्या तीन गाड्या रिकाम्या परतल्या.

जितेंद्रभाईंनी मला आत बोलावलं. "तू सांगितलंस?"

"हो."

मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "लेखी द्यावं लागेल तुला. मेमो. माझ्या हातात नाही."

"चालेल."

चारला मालक आले. सरूबाई आणि अजून दोघी आत गेल्या. पावणेसहाला बाहेर आल्या. माझ्या टेबलासमोरून गेल्या, थांबल्या नाहीत.

१२ मार्च, बुधवार

ठरलं. अकराही जणींना वरसाव्याला घेणार. मुर्ध्याहून कंपनीची गाडी नेणार, आणणार. कामाची वेळ अर्धा तास कमी. सरूबाईंनी हे तीन बैठकांत मिळवलं. शेवटच्या बैठकीत त्यांनी मालकांना विचारलं म्हणे, तुमच्या वरसाव्याच्या पोरांना आमच्यासारखं दिवसाला दोन हजार पेट्यांचं पॅकिंग येतं का. येत नव्हतं.

तरी दोघी येणार नाहीत. एकीचं मूल लहान आहे, एकीची सासू अंथरुणावर. वरसाव्याला जायला-यायला दोन तास मोडतात. राईचं काम चालत दहा मिनिटांवर होतं. सरूबाईंसोबत जाणार होत्या त्या दोघी ह्याच.

मला मेमो मिळाला. "गोपनीय माहिती अनधिकृतपणे उघड केल्याबद्दल." वर्षभर पगारवाढ नाही. दाजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "जपून ठेव."

अभिमानाने म्हणाले की काळजीने, ते कळलं नाही. मलाही नक्की काय वाटतंय ते कळत नाही. नऊ जणींची कामं टिकली म्हणून बरं वाटावं, तर त्या दोघींची तोंडं समोर येतात.

७ एप्रिल, सोमवार

डिरेक्टरी सुरू झाली. काल रविवारी सकाळपासून बसून केली, नीरज फोनवर होता. तीन साइट. त्याने विचारलं, मुर्ध्याचे नंबर काढून टाकू? मी म्हटलं, मी काढते. काढले. काही झालं नाही, स्क्रीनवर एक ओळ कमी झाली.

आज सकाळी साडेनऊला मी वरसाव्याला होते. वरच्या मजल्यावर आता नऊ टेबलं आहेत, चार पॉइंट मला घाईत नव्याने काढावे लागले. हलवाहलवीत आठवडा गेला, आज पहिल्यांदा गाडी आली. हायवेच्या आवाजात बायका कानावर पदर ओढून उतरल्या. इथे सगळे ट्रक अगदी अंगावरून जातात.

सरूबाई शेवटी उतरल्या. मी त्यांना त्यांचं टेबल दाखवलं. त्या खुर्चीत बसल्या, पासवर्ड टाकला, उघडलं. मी बाजूला उभी होते, जावं की थांबावं कळत नव्हतं.

मग त्यांनी वर न बघता विचारलं, "इथं किती वर्सं ठेवतील आमाला?"

जितेंद्रभाईंनी पाच वर्षांचा करार म्हटलं होतं. यतीन म्हणाला होता, पुलापाशी रस्ता रुंद करायचं चाललंय, गोदामाचं काही सांगता येत नाही. दोन्ही ऐकीव.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, चांगलं नीट.

"बरं," म्हणाल्या. "पानी कुठं मिलतं?"

पाणी खाली होतं, मी त्यांना जिना दाखवला.